पोकेमॉन फायर रेड: सहा कोण पकडायचे? (आणि दाजींच्या जुन्या सेव्हचं काय करायचं?)

अर्धा_मामा | शुक्रवार, रात्री १०:०५

मंडळी, गंभीर धाग्यांच्या गर्दीत हा घुसवतोय, सांभाळून घ्या.

दिवाळीला ताईकडे आलोय. माळा आवरताना बुटांच्या खोक्यात दाजींचा गेम बॉय ॲडव्हान्स सापडला, आत फायर रेडची कॅसेट (पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचा खेळ). दोन पेन्सिल सेल घातले आणि चक्क चालू झाला. वर 'कंटिन्यू' दिसलं. दाजींनी २००७ साली हॉस्टेलवर सोडलेला खेळ तसाच्या तसा! आठही बॅज (गावोगावच्या जिममधल्या उस्तादांना हरवून मिळतात ते) झालेत, इंडिगो प्लेटोच्या, म्हणजे शेवटच्या लीगच्या, दारात उभे आहेत, एकूण ४१ तास खेळलेत. संघ असा:

चारिझार्ड लेव्हल ६१. लॅप्रस २५. पॅरास १४. पिजी ९. झुबॅट ८. मॅजिकार्प ५.

विचारलं, तर दाजी म्हणाले, "एकटा चारिझार्ड सगळ्यांना पुरून उरायचा, बाकीचे कशाला वाढवायचे?" मग पुढे का नाही गेलात? त्यावर चहा प्यायला उठले. ताईने आतून सांगितलं, लान्सपाशी, म्हणजे लीगमधल्या चौथ्या उस्तादापाशी, अडकले आणि मग परीक्षा आल्या.

आता भाच्याला (वय ९) स्वतःचा नवा खेळ हवाय. पण या कॅसेटमध्ये सेव्हची जागा एकच. नवा खेळ सेव्ह केला की दाजींचा गेला.

तर प्रश्न दोन. एक, नव्याने सुरू केलं तर सहा कोण पकडायचे? मला टाइपांचं (आग, पाणी, वीज असले प्रकार) काही कळत नाही, मी कार्टून नेटवर्कवाला. दोन, दाजींचा सेव्ह उडवायचा का? दाजी तोंडाने "उडव रे" म्हणतात, पण चेहरा तसं म्हणत नाही.


रिकामटेकडी | रात्री १०:११

मी पयली. चहा प्यायला उठले, हे वाचून हहपुवा.


टोळभैरव | रात्री १०:२०

हा रोग आमच्या पिढीचा. लहानपणी सगळ्यांचा संघ असाच: एक पहिलवान आणि पाच हमाल. पॅरास फक्त झुडपं तोडायला आणि अंधारात दिवा लावायला, लॅप्रस फक्त पाण्यावर बसून जायला. बरोबर ना?

नव्या खेळासाठी माझं मत सरळ आहे. आवडता पकडू नका, पुढच्या रस्त्याला लागणारा पकडा. पहिला जिम ब्रॉकचा, तिथे जिओड्यूड १२ आणि ऑनिक्स १४. बल्बासॉर किंवा स्क्वर्टल असेल तर दोन मिनिटांचं काम. दुसरी मिस्टी, तिची स्टारमी २१ ची, भल्याभल्यांना रडवते. बल्बासॉर तिथेही चालतो. तिसरा सर्ज, इलेक्ट्रिकवाला. त्याच्या गावाला लागूनच डिगलेटची गुहा आहे. आत जा, डिगलेट पकडा. नशीब असेल तर थेट डगट्रिओ भेटतो, २९-३१ लेव्हलचा. जमिनीवाल्यावर विजेचा शून्य परिणाम. सर्ज बिचारा नुसता बघत बसतो.

म्हणजे सुरुवात बल्बासॉर, मग डिगलेट. बाकीचे रस्त्यात ठरतील.


गवतातली_सोनकी | रात्री १०:३४

@टोळभैरव, 'आवडता पकडू नका' हे नऊ वर्षांच्या मुलाला सांगून बघा.

मी नववीत असताना बटरफ्री घेऊन खेळ संपवला. हसा. पण ऐका. कॅटरपी पहिल्याच जंगलात मिळतो, सातव्या लेव्हलला कोश होतो, दहाव्याला फुलपाखरू. दहाव्यालाच कन्फ्यूजन शिकतं, त्यावर ब्रॉकचे दगड फुटतात, कारण त्यांचा बचाव लाथा-बुक्क्यांना आहे, असल्या फटक्याला नाही. मग पंधराच्या आसपास स्लीप पावडर. आणि बटरफ्रीची उपजत शक्ती म्हणजे कंपाउंड आइज, नेम जास्त लागतो. ७५ टक्क्यांची पावडर ९७ च्या घरात जाते. म्हणजे समोरचा झोपलाच म्हणून समजा.

आणि पकडण्याच्या हिशोबात झोपलेला पोकेमॉन दुप्पट सोपा. लकवा, विष किंवा भाजलेला दीडपट. माझ्याकडे स्नॉरलॅक्स, झॅपडॉस सगळे या फुलपाखराच्या जिवावर आले. चारिझार्डवाले तेव्हा बॉल फेकून फेकून कंगाल झाले होते.


अ_जय | रात्री १०:३६

+१. स्लीप पावडर म्हणजे पोकेमॉनमधलं श्रीखंड. जेवून झोप.


कोकणी_मासा | रात्री १०:५०

मॅजिकार्पबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

माउंट मूनच्या अलीकडच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक माणूस ५०० ला विकतो. दाजींनी तोच घेतलेला दिसतो, लेव्हल ५. त्याला नुसतं उड्या मारता येतं. पण विसाव्या लेव्हलला ग्याराडोस होतो! सगळे आकडे मिळून २०० वरून ५४० वर. आमच्याकडे दहावीला ३५ टक्के पडलेला एक चुलतभाऊ पुढे जहाजावर कॅप्टन झाला, त्याला आम्ही अजून मॅजिकार्प म्हणतो.

पहिल्या क्रमांकावर ठेवायचा, लढाई सुरू झाली की लगेच दुसरा बाहेर काढायचा. अनुभव दोघांत वाटला जातो. असं विसापर्यंत ढकला.


डॉ_उदास | रात्री ११:१५

ग्याराडोसच्या नादाला लागण्याआधी एक गोष्ट. फायर रेड तिसऱ्या पिढीचा खेळ आहे, २००४ चा. तेव्हा फटका शारीरिक की विशेष, हे त्या मूव्हवर, म्हणजे त्या-त्या फटक्यावर, नाही, टाइपवर ठरायचं. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क हे सगळे विशेष. बाकी सगळे शारीरिक. प्रत्येक मूव्ह वेगळी धरायला लागले ते २००६ च्या डायमंड-पर्लपासून.

म्हणजे काय? ग्याराडोसची शारीरिक ताकद १२५. जबरदस्त. पण विशेष फक्त ६०. आणि पाण्याचे सगळे फटके विशेष! म्हणजे एवढा अक्राळविक्राळ पाणसाप आणि पाणी फेकतो ते सोसायटीच्या नळासारखं. त्याला स्ट्रेंग्थ, रिटर्न असले नॉर्मल फटके द्या, मग बघा.

सगळ्यात वाईट नशीब हिटमॉनचॅनचं. सॅफ्रनच्या डोजोत मिळतो, बर्फाचा ठोसा, आगीचा ठोसा, विजेचा ठोसा, सगळं येतं. आणि विशेष ताकद ३५. मी हौसेने घेतला होता. त्याचा आगीचा ठोसा बसला की समोरच्याला उबदार वाटायचं.

म्हणून निवडताना टाइप एवढंच बघू नका. त्याच्या टाइपचे फटके त्याच्या ताकदीच्या बाजूचे आहेत का, ते बघा. अलाकझाम (विशेष १३५), आर्कनाइन, लॅप्रस, स्नॉरलॅक्स यांचं गणित जुळतं. गेंगारचं जुळत नाही. भूत आणि विष दोन्ही शारीरिक, आणि त्याची ताकद विशेष.


टोळभैरव | रात्री ११:२१

@डॉ_उदास, उबदार वाटायचं _/\_

बरोबर आहे, पण नवख्याला एवढं सांगितलंत तर तो गेम बॉय परत माळ्यावर ठेवेल.


तिसरी_घंटा | शनिवार, सकाळी ७:४०

एकच सांगते: अब्रा पकडा. मिस्टीच्या गावाच्या वर, २४ आणि २५ नंबरच्या रस्त्यावर मिळतो. सोळाव्याला कडाब्रा, पुढे अलाकझाम. सायकिकला कोणी हात लावू शकत नाही, सगळा खेळ एकटा संपवतो.


डॉ_उदास | सकाळी ८:०२

@तिसरी_घंटा, हात लावू शकत नाही, हे १९९६ च्या पहिल्या रेड-ग्रीनमधलं. तेव्हा भुताचा फटका सायकिकवर चालायचाच नाही, खेळातलीच चूक होती ती. फायर रेडमध्ये भूतही लागतं आणि डार्कही लागतं. 'बाइट' आठवतो? तो पहिल्या पिढीत साधा नॉर्मल फटका होता, दुसऱ्यापासून डार्क झाला. म्हणजे आता कुठलाही चावरा प्राणी कडाब्राला चावू शकतो. आणि अलाकझामची तब्येत ५५. एक चावा, खेळ खलास.

शिवाय कडाब्राचा अलाकझाम फक्त अदलाबदलीने होतो. दोन गेम बॉय, दोन कॅसेट, एक केबल. धागाकर्त्याकडे एकच डबा आहे.


तिसरी_घंटा | सकाळी ८:१०

बरं. मला कॅसेटमधलं नाही, घरातलं आठवत होतं. पप्पांच्या मित्राकडे केबल होती, त्यांच्या मुलाशी अदलाबदल केली, अलाकझाम झाला आणि तो मुलगा म्हणाला, आता हा माझा. परत द्यायचं आधी ठरलं होतं! रडारड, फोनाफोनी. शेवटी त्याच्या आईने मध्यस्थी केली. आम्ही दोघं आता एकाच कंपनीत आहोत, विषय काढला की अजून हसतो. म्हणजे तो हसतो.

तरी अब्रा घ्याच. अब्राला फक्त टेलिपोर्ट येतं, पहिल्याच संधीला पळतो. पहिल्या वारीलाच बॉल फेका, मारामारी करत बसू नका.


बापू_नागपूरकर | सकाळी ९:३०

मला यातलं एक अक्षर कळलं नाही, तरी सगळा धागा वाचला. आमच्या नातवाने झुबॅट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वटवाघूळ पाळायचं कशाला भाऊ?


अ_जय | सकाळी ९:४५

बापू, पाळायचं नसतं, गुहेत गेलं की तेच आपल्याला पाळतं. दर तीन पावलांना येतं.

झुबॅटवरून आठवलं. मी एकदा झुबॅट प्रेमाने वाढवला, गोलबॅट झाला, जीव लावला, कारण जीव लावला की त्याचा क्रोबॅट होतो. लेव्हल वाढली, ते उजळायला लागलं, संगीत सुरू, मी जागेवरून उठलो, आणि मध्येच थांबलं. काहीच नाही. पुन्हा लेव्हल, पुन्हा थांबलं. मला वाटलं माझंच चुकून बी दाबलं जातंय. नंतर कळलं, फायर रेडमध्ये नॅशनल डेक्स (सगळ्या जातींची मोठी यादी) मिळेपर्यंत कँटोबाहेरच्या, म्हणजे या खेळातल्या प्रदेशाबाहेरच्या, जातींत उत्क्रांती होतच नाही. म्हणजे मुख्य खेळ संपेपर्यंत क्रोबॅट विसरा. तोपर्यंत मी पाच वेळा लग्नमंडपातून परत आलो होतो.


रिकामटेकडी | सकाळी १०:०५

अवांतर: पोकेमॉन गो आलं तेव्हा (डिसेंबर २०१६) पहाटे पुण्यात बागेत फिरत होते फोन घेऊन. एक आजोबा आले, काय शोधतेस म्हणाले. म्हटलं, पिजी. म्हणाले, "पीजी? मुलींचं ना? आमच्या वरच्या मजल्यावर आहे, जेवणासकट." मी भाडंही विचारून ठेवलं.


टोळभैरव | सकाळी १०:०८

@रिकामटेकडी ठ्ठो!!


अर्धा_मामा | सकाळी ११:२०

सगळ्यांचे आभार. भाच्याला प्रतिसाद वाचून दाखवले. त्याचं म्हणणं: "मला वल्पिक्स हवा. सहा शेपट्यांचा. बाकी पाच मामा ठरवेल."


गवतातली_सोनकी | सकाळी ११:३१

अरेरे. वल्पिक्स फायर रेडमध्ये नाहीच. तो लीफ ग्रीनमध्ये. फायर रेडवाल्यांच्या वाट्याला ग्रोलिथ येतो. तसंच सायडक, ओडिश, सायथर फायर रेडमध्ये. स्लोपोक, बेलस्प्राउट, पिन्सर लीफ ग्रीनमध्ये. मुद्दामच तसं केलंय, म्हणजे मुलांनी एकमेकांकडून मागून घ्यावं.

ग्रोलिथ दाखवा त्याला. कुत्रा आहे, पट्ट्यापट्ट्यांचा. सातव्या आणि आठव्या रस्त्यावर मिळतो. आगीचा दगड लावला की आर्कनाइन होतो आणि दगड सेलाडॉनच्या मोठ्या दुकानात विकत मिळतो. एकच: दगड लावायची घाई नको. आर्कनाइन झाला की पुढच्या मूव्ह जवळजवळ आपोआप शिकत नाही. फ्लेमथ्रोअर ग्रोलिथ असतानाच ४९ ला मिळतो.


कोकणी_मासा | सकाळी ११:४०

बल्बासॉर घेतला तर ग्रोलिथ मस्त बसतो, आगीची जागा भरते. बल्बासॉर, डगट्रिओ, ग्रोलिथ, ग्याराडोस, कडाब्रा, स्नॉरलॅक्स. झाले सहा. धागा बंद करा.


टोळभैरव | सकाळी ११:५२

थांबा. यात फ्लाय कोण करणार? कट कोण? हेच विसरतात सगळे! फायर रेडमध्ये असल्या सात एचएम, म्हणजे वाट काढायला लागणाऱ्या मूव्ह, आहेत, आणि एकदा शिकवली की विसरता येत नाही, फ्यूशियातला एक म्हातारा सोडला तर. चांगल्या पोकेमॉनच्या चारांपैकी एक जागा कटने वाया गेली की जन्मभर हळहळ.

व्हर्मिलियनमध्ये एक बाई स्पिअरो घेऊन फारफेच्ड देते. हातात पातीची काडी घेतलेलं बदक. कटही येतं, फ्लायही. लढाईत कुचकामी, पण उत्तम हमाल.


डॉ_उदास | दुपारी १२:३०

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ या का? सगळे नव्या खेळावर तुटून पडलेत. मला तर दाजींचा संघच जास्त बघावासा वाटतोय.

परत वाचा. लॅप्रस २५. सिल्फ कंपनीत भेट मिळते तेव्हा ती बरोबर २५ ची असते. म्हणजे दाजींनी तिला एकही लढाई लढू दिली नाही. लॅप्रस ३१ ला आपोआप आइस बीम शिकते. दाजी कुठे अडकलेत? लान्सपाशी. लान्सकडे काय? ग्याराडोस ५६, दोन ड्रॅगनेअर, एरोडॅक्टिल ५८, ड्रॅगनाइट ६०. ड्रॅगनाइटवर बर्फ चौपट लागतो, ड्रॅगनेअर आणि एरोडॅक्टिलवर दुप्पट. आणि चारिझार्डला एरोडॅक्टिलचा दगड चौपट लागतो, म्हणून तर तो तिथे आडवा होत असणार.

म्हणजे दाजींच्या खिशात किल्ली होती, आणि तिच्यावर बसून ते नद्या पार करत होते.


गवतातली_सोनकी | दुपारी १२:४१

बाप रे. आणि पॅरास १४! पॅरास पंचविशीच्या आसपास स्पोअर शिकतं. झोप आणणारं, नेम शंभर टक्के. म्हणजे माझ्या फुलपाखराहून भारी. आणि ते काय करत होतं? झुडपं तोडत होतं.


कोकणी_मासा | दुपारी १२:४४

आणि मॅजिकार्प!!! पाचशे देऊन घेतला आणि पाचवर ठेवला. दाजी, का?


अर्धा_मामा | दुपारी १:१५

दाजींना दाखवलं. डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग म्हणाले, "लॅप्रसला मी कधी मारायला लावलंच नाही. ती बिचारी गरीब आहे." आता जेवून झाल्यावर गेम बॉय घेऊन बाल्कनीत बसलेत. भाचा शेजारी बसून सूचना देतोय.

एक प्रश्न: २५ ची लॅप्रस ५५ पर्यंत न्यायला किती दिवस? सुट्टी पुढच्या रविवारी संपते.


टोळभैरव | दुपारी १:४०

एक्स्प शेअर (न लढणाऱ्यालाही अनुभव मिळवून देणारा) असता तर बरं. पण तो ५० जाती पकडल्याशिवाय मिळत नाही. दाजींनी किती पकडलेत?


अर्धा_मामा | दुपारी १:४३

१९.


टोळभैरव | दुपारी १:४४

कप्पाळ.

मग व्हीएस सीकर वापरा. व्हर्मिलियनच्या सेंटरमध्ये मिळतो, बहुतेक पिशवीत असेलच. शंभर पावलं चाललं की हरलेले ट्रेनर पुन्हा लढायला तयार होतात. पाण्यावरच्या रस्त्यांवर लॅप्रसला पहिल्या जागेवर ठेवा आणि लगेच तिच्या जागी चारिझार्डला लढायला काढा. फ्लाय चारिझार्डलाच शिकवलं असेल तर येणं-जाणं फुकट.


डॉ_उदास | दुपारी २:१०

एवढ्या मेहनतीची गरजच नाही. सीफोम बेटांवर आर्टिक्युनो आहे, बर्फाचा पक्षी. लेव्हल ५० चा. आणि सापडतो तेव्हाच त्याला आइस बीम येत असतो. सर्फ आणि स्ट्रेंग्थ लागतात, ते लॅप्रसकडे असणारच. पॅरासला तेवढं पंचविशीपर्यंत न्या, स्पोअर घ्या, आर्टिक्युनोला झोपवा, अल्ट्रा बॉल फेका.

दाजींकडे मास्टर बॉल आहे का? फेकला की हमखास पकडणारा?


अर्धा_मामा | दुपारी २:१५

आहे. एक. जपून ठेवलाय म्हणतात, म्यूटूसाठी, म्हणजे सगळ्यात तगड्यासाठी.


अ_जय | दुपारी २:२०

म्यूटूसाठीच ठेवावा. मास्टर बॉल आर्टिक्युनोवर खर्च करणं म्हणजे पैठणी नेसून भाजी आणायला जाणं.


डॉ_उदास | दुपारी २:३१

@अ_जय, १९ जाती पकडणाऱ्या माणसाला म्यूटू भेटणार कधी? सेरुलियनची गुहा लीग जिंकल्यावर उघडते, आणि त्याआधी ६० जाती, नॅशनल डेक्स, सेव्ही बेटांवरची सगळी धावपळ. पैठणी कपाटात कसर लागून जाईल. नेसा!


गवतातली_सोनकी | दुपारी २:३५

मी अ_जयच्या बाजूने. मास्टर बॉलने पकडलेल्यात मजा नाही. झोपवून, रक्त लाल रेषेवर आणून, तीस बॉल फेकून पकडला की तो आपला वाटतो. आणि आधी सेव्ह करा. गुहेत त्याच्या समोर उभं राहून. विसरू नका.


रिकामटेकडी | दुपारी २:४०

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. बॉल कोणाला?


चिंगी_७ | दुपारी ३:२२

सेव्हचा विषय निघालाच आहे, तर माझा अनुभव. धाकट्या भावाने माझ्या लीफ ग्रीनवर 'न्यू गेम' करून सेव्ह केलं. ८० तास गेले. त्याला तेव्हा वाचता येत नव्हतं, हाताला येईल ते बटण दाबत गेला. मी दोन दिवस जेवले नाही. त्याचं लग्न झालं तेव्हा मी आहेराच्या पाकिटावर 'तुझा स्क्वर्टल, लेव्हल ५' असं लिहिलं.

मामा, दाजींचं 'उडव रे' मनावर घेऊ नका.


अर्धा_मामा | सोमवार, रात्री ९:५०

अपडेट. बसूनच वाचा.

शनिवार-रविवार दाजींनी पॅरासला पंचविशीपार नेलं. वाटेत त्याचा पॅरासेक्ट झाला, पाठीवर हे एवढं मशरूम. ताई म्हणाली, स्वतःच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचा एवढा हिशोब ठेवत नाहीत. आज दुपारी सीफोम गुहा. पाण्याचा प्रवाह थांबवायला मोठे दगड ढकलून खाली पाडायचे, त्यात दीड तास गेला. मग दाजींना ऑफिसचा फोन आला, गेम बॉय भाच्याच्या हातात.

गवतातून नाही, गुहेतूनच एक सायडक आलं. पिवळं, डोकं धरून उभं. भाच्याला ते गोड वाटलं. पिशवी उघडली. सगळ्यात भारी दिसणारा बॉल, जांभळा, वर एम. फेकला.

आणि सोनकीताईंनी सांगितलं होतं ना, आधी सेव्ह करा? भाच्याने आधी नाही, नंतर केलं.


अ_जय | रात्री ९:५१

नाही.


टोळभैरव | रात्री ९:५१

नाही!!!


रिकामटेकडी | रात्री ९:५३

श्वास कोंडला हसून. पैठणी नेसून सायडक आणायला गेला.


डॉ_उदास | रात्री ९:५८

दाजी काय म्हणाले?


अर्धा_मामा | रात्री १०:०४

काही नाही. बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पाण्यात पोहतो का हा?" चहा प्यायला उठले.

मग परत आले, आणि आर्टिक्युनोवर अल्ट्रा बॉल. स्पोअर, चारिझार्डचा हलका फटका, बॉल, बॉल, बॉल. एकदा चुकून फ्लेमथ्रोअर मारून बेशुद्धच पाडलं, बंद करून पुन्हा सुरू. तिसऱ्या खेपेला बॉल तीनदा हलला आणि थांबला. बाल्कनीत दोघं एवढे ओरडले की खालच्या काकूंनी वर बघितलं.


बापू_नागपूरकर | मंगळवार, सकाळी ८:१५

नातवाला सायडकची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मग काय झालं, मास्टर बॉलला कळतं का आत कोण आहे?


कोकणी_मासा | मंगळवार, सकाळी ९:००

@बापू दंडवत नातवाला.

मॅजिकार्पचं काय झालं पण?


अर्धा_मामा | शनिवार, रात्री ११:३०

मासेसाहेब, मॅजिकार्पचा ग्याराडोस बुधवारी झाला. तुमच्या चुलतभावाला कळवा.

आज लीग. लोरेलायला चारिझार्ड आणि ग्याराडोसने काढलं, ब्रूनोला आर्टिक्युनोने हवेतूनच, अगाथाने मात्र रडवलं, सगळ्या औषधाच्या बाटल्या तिथेच संपत आल्या. मग लान्स. ड्रॅगनाइट ६०, समोर लॅप्रस, आठवडाभर घासून घासून ४४ वर आणलेली. आइस बीम. रेषा सर्रकन खाली आली आणि शून्यावर थांबली. दाजी काही बोलले नाहीत, गेम बॉय मांडीवर ठेवला आणि हात पुसले.

लान्सनंतर अजून एक असतो हे त्यांना माहीतच नव्हतं! प्रतिस्पर्धी, ६३ पर्यंतचे. शेवटी एकटा चारिझार्ड उरला होता आणि त्यानेच संपवलं. त्यावर "बघ, म्हटलं होतं ना, हा एकटा पुरेसा आहे" हे ऐकावं लागलं.

हॉल ऑफ फेममध्ये सहा जण ओळीने आले: चारिझार्ड, लॅप्रस, आर्टिक्युनो, ग्याराडोस, पॅरासेक्ट आणि सायडक, लेव्हल ३१. फोटो काढून ठेवलाय.


चिंगी_७ | रात्री ११:३८

सायडक घेऊन लीग जिंकले!! आणि सेव्हचं काय?


अर्धा_मामा | रविवार, सकाळी १०:१०

सकाळी दाजींनी स्वतः भाच्याच्या हातात दिला, म्हणाले, आता कर न्यू गेम. पुन्हा एकदा हॉल ऑफ फेम बघून घेतला आणि मग.

बल्बासॉर घेतला आहे. जंगलात पोचलाय. आत्ता संघात बल्बासॉर आणि तीन कॅटरपी आहेत. म्हटलं, एक पुरे. तर म्हणतो, तिघं भाऊ आहेत, एकाला कसं नेऊ. पिकाचू दिसला होता, त्याच्याकडे बघितलंही नाही. काय करू?


गवतातली_सोनकी | सकाळी १०:१४

काही करू नका. दहाव्या लेव्हलपर्यंत थांबा.